एका ‘कंबरे’ची दोन दुखणी

ऑगस्ट 2024 चा शेवटचा आठवडा. मावशी ओपीडीत आल्या त्या मुलाच्या दंडाचा आधार घेत. वय 58. पिंपळगाव बसवंतच्या बाजूला चार एकर द्राक्षबाग, नऊ वर्षांपासून मधुमेह. मुलाच्या हातात साडीच्या दुकानाची पिशवी, त्यात कण्याचे दोन एमआरआय, चार एक्स-रे आणि चौदा महिन्यांच्या चिठ्ठ्या. मावशींच्या परवानगीने हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

“काय होतंय, मावशी?”

“कंबर धरली ना मॅडम. उभं राहू देत नाय, बसू देत नाय.”

मी भूलतज्ज्ञ आहे आणि नाशिकमध्ये वेदनाउपचाराचं काम करते. रोज किमान दहा जण मला ‘कंबर’ सांगतात. मराठीत हा शब्द फार ऐसपैस आहे. मणक्यामागचे सांधे, माकडहाडाच्या वरचा भाग, कुल्ला, खुबा, जांघ, सगळं त्यात मावतं. सुईला मात्र मिलिमीटरमध्ये जागा सांगावी लागते. या प्रकरणात सहा आठवडे फुकट गेले ते यामुळेच, आणि त्यातला मोठा वाटा माझा आहे. म्हणून सगळं सविस्तर मांडते.

द्राक्षबागेतून आलेल्या माणसाला मी काम कसं करता हे आधी विचारते. मांडवाखाली विरळणी करताना मान वर, हात वर आणि पाठ मागे झुकलेली असते, तीही सकाळपासून संध्याकाळपर्यंत. कणा असा मागे वाकला की मणक्यांच्या पाठीमागे जोडीजोडीने असलेल्या छोट्या सांध्यांवर, म्हणजे फॅसेट सांध्यांवर, भार येतो. मावशींना उभ्याने काम करताना खाली उजव्या बाजूला दुखायचं, कुल्ल्यात उतरायचं, पुढे वाकून बसलं की थोडं बरं वाटायचं. गुडघ्याखाली कळ जात नव्हती, मुंग्या नव्हत्या, पायातली ताकद शाबूत होती. ताप, वजन घटणं, लघवी-शौचावरचा ताबा जाणं यातलं काहीच नव्हतं. हे शेवटचे तीन प्रश्न मी कुणालाही विचारल्याशिवाय सोडत नाही.

एमआरआयमध्ये कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी फुगलेली होती. त्यावरून मावशींना सांगितलं गेलं होतं की गादी सरकली, नस दबली. आता पन्नाशीतल्या, काहीही न दुखणाऱ्या माणसांचे एमआरआय काढले तर शंभरातल्या साधारण साठ जणांत फुगलेली गादी सापडते. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यातला हा आकडा आहे. या वयात फुगलेली गादी म्हणजे पिकलेले केस. ती दिसते, पण दुखणं तिचंच आहे हे त्यावरून ठरत नाही.

एप्रिलमध्ये एका ठिकाणी त्यांना एपिड्युरल इंजेक्शन दिलं होतं, म्हणजे मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या पोकळीत स्टेरॉइड. दहा दिवस बरं वाटलं, त्याच दहा दिवसांत जेवणानंतरची साखर 380 वर गेली, आणि मग दुखणं होतं तिथे परत आलं. “दहा दिवस तरी फरक पडला, म्हणजे नसच असणार,” असा निष्कर्ष चिठ्ठीवर होता. तो मला पटला नाही. कुठेही टोचलेलं स्टेरॉइड थोडंफार रक्तात उतरतं आणि अंगभर फिरतं. साखर चढली हाच त्याचा पुरावा. अशा वेळी काही दिवस दुसऱ्याच कुठल्या सांध्याची सूज ओसरली तरी श्रेय नसेच्या नावावर जमा होतं. एपिड्युरल वाईट आहे असं मी म्हणत नाही. पायात उतरणाऱ्या तीव्र, ताज्या सायटिकाला ते कामाला येतं. मावशींना सायटिका नव्हती.

तपासणी, आणि राहून गेलेला प्रश्न

पालथं झोपवून खालच्या मणक्यांच्या उजव्या कडेला दाबलं तर दुखलं. उभं करून मागे आणि उजवीकडे झुकवलं तर जास्त दुखलं. पाय सरळ वर उचलण्याची चाचणी दोन्ही बाजूंनी बिनतक्रार. मग एसआय सांध्याच्या चाचण्या. कण्याचा तळ आणि कमरेचं मोठं हाड जिथे जुळतं तो हा सांधा. ठरावीक पाच चाचण्यांपैकी तीन दुखल्या तर संशय घ्यायचा असा संकेत आहे. मावशींच्या दोन दुखल्या. शेवटी पायाची इंग्रजी चारच्या आकड्यासारखी घडी: उजवी टाच डाव्या गुडघ्यावर ठेवायची आणि उजवा गुडघा हळूच खाली दाबायचा.

मी विचारलं, “दुखतंय का?” त्या म्हणाल्या, “हो.” मी कागदावर लिहिलं, ‘एसआय?’.

चूक इथे झाली. या घडीत मागे दुखलं तर एसआय सांधा, पुढे जांघेत दुखलं तर खुबा. ‘कुठे’ हे मी विचारलंच नाही. मुलगा टेबलाच्या पायथ्याशी उभा होता, मावशी एका हाताने साडी सावरत होत्या, बाहेर सतरा जण बसले होते. पिशवीतले चारही एक्स-रे कण्याचे होते, खुब्याचा एकही नव्हता, हेही त्या दिवशी माझ्या डोक्यात शिरलं नाही.

पहिली चाचणी

सगळ्यात जास्त संशय फॅसेट सांध्यांचा होता, म्हणून त्यांच्या नसांना बधिर करून पाहायचं ठरलं. या सांध्याचं दुखणं वर कळवणारी बारीक नस म्हणजे मीडियल ब्रँच. एका सांध्याला अशा दोन नसा येतात आणि शेजारच्या दोन सांध्यांत मधली नस सामाईक असते, त्यामुळे कमरेच्या तळाचे दोन सांधे, एल4-एल5 आणि एल5-एस1, तपासायचे तर तीन जागी सुई लागते. प्रत्येक जागी फक्त अर्धा मिली लिग्नोकेन, म्हणजे बधिर करणारं औषध; स्टेरॉइड अजिबात नाही. जास्त औषध घातलं की ते शेजारी पसरतं आणि उत्तर कुणी दिलं ते कळेनासं होतं. हे इंजेक्शन बरं करण्यासाठी नसतंच. ती साक्ष असते. तास-दोन तास नस गप्प करायची आणि तेवढ्यात रुग्णाला नेमकी दुखणारी कामं करायला लावायची.

सी-आर्म, म्हणजे पडद्यावर चालू एक्स-रे दाखवणारं यंत्र, तिरका फिरवला की पडद्यावर मणक्याची आकृती छोट्या कुत्र्यासारखी दिसते. त्याचा कान आणि नाक जिथे मिळतात त्या कोपऱ्यात सुईचं टोक हाडाला टेकवायचं. तिथूनच ती नस जाते. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात हे केलं. वीस मिनिटांनी मावशींना कॉरिडॉरमध्ये उभं केलं: हात वर करा, छताकडे बघा, जिना चढा, खाली बसा. दर अर्ध्या तासाला दहापैकी किती दुखतंय ते मुलाने कागदावर लिहायचं. आधी आठ. मग चार, चार, चार, पाच.

निम्मं दुखणं गेलं. बऱ्याच ठिकाणी हे पुरेसं धरतात आणि पुढची पायरी, म्हणजे सुईच्या टोकाने तीच नस गरम करून निकामी करणारी रेडिओफ्रीक्वेन्सी किंवा आरएफ, करून टाकतात. मीही 9 ऑक्टोबरची तारीख दिली. देताना मनात खुटखुट होती, ती अशासाठी: नेदरलँड्समध्ये 681 रुग्णांवर झालेल्या तीन चाचण्यांचे निष्कर्ष 2017 मध्ये आले, आणि व्यायामाला आरएफची जोड दिल्याने नुसत्या व्यायामापेक्षा ठळक फायदा दिसला नाही. त्या चाचण्यांवर मोठा आक्षेप होता तो निवडीचा. एकच चाचणी-इंजेक्शन आणि निम्मा आराम, एवढ्यावर रुग्ण घेतले होते. मावशी त्या निकषात चपखल बसल्या असत्या.

सून आली तो दिवस

ऑक्टोबर लागला, गोडी छाटणी सुरू झाली. मुलाला बाग सोडता येईना, म्हणून आरएफच्या आधीच्या तपासणीला मावशींबरोबर सून आली. मी नेहमीप्रमाणे जेवण, साखर, गोळ्या विचारत होते. मध्येच ती म्हणाली, “मॅडम, आत्या जेवायला पाटावर बसल्या ना, की उठताना इथे धरतात.” आणि तिने स्वतःच्या जांघेवर हात ठेवला. “उजव्या पायातली चप्पल मीच सरकवते. सहा महिने झाले.”

मावशी खाली बघत होत्या. “पोरासमोर जांघ कशी म्हणू? कंबरच म्हणते मी.”

मी पेन खाली ठेवलं. सिस्टरला आत बोलावलं, दार लावलं आणि पहिल्यापासून तपासलं. “एका बोटाने दाखवा, मावशी. तळहात नको.” बोट आधी मागे उजव्या कडेला गेलं, मग पुढे जांघेच्या घडीत. दोन जागा, दोन्ही स्पष्ट. उताणं झोपवून गुडघा पोटाकडे घेतला आणि पाऊल बाहेर नेत मांडी आतल्या बाजूला फिरवली. डाव्या बाजूला मांडी तीस अंश फिरली. उजव्या बाजूला दहालाच अडली आणि मावशींनी टेबलाची कड घट्ट पकडली. पिकअपमध्ये चढताना पाय उचलत नाही, सप्तशृंगी गडावर जायला आता ट्रॉलीच लागते, मांडी घालून देवापुढे बसता येत नाही, हे सगळं त्यानंतर पाच मिनिटांत बाहेर आलं. चौदा महिने हे त्यांच्याजवळच होतं.

एक्स-रेमध्ये उजव्या खुब्याच्या सांध्यातली फट वरच्या बाजूला कमी झालेली, कडेला हाड वाढलेलं. सांधा झिजला होता. स्टेरॉइड घेतलेल्या रुग्णात खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो आणि सुरुवातीला तो एक्स-रेवर दिसत नाही, म्हणून खुब्याचा एमआरआयही केला. सुदैवाने तसं काही नव्हतं. खुबा आणि कणा जोडीने दुखण्याला 1983 पासून स्वतंत्र नाव आहे, हिप-स्पाइन सिंड्रोम. मी ते शिकले आहे, शिकवलंही आहे. तरीही ते माझ्या टेबलावरून सहा आठवडे निसटलं.

आरएफची तारीख रद्द केली.

आता खुब्याची साक्ष. सोनोग्राफीवर आतल्या बाजूला मोठी रक्तवाहिनी ठोके देताना दिसते; तिला चुकवून बाहेरच्या बाजूने सुई मांडीच्या हाडाच्या मानेपर्यंत नेली आणि ब्युपिव्हाकेन हे बधिर करणारं औषध पाच मिली सोडलं. सांध्याचं आवरण पडद्यावर हलकेच उचललं जाताना दिसलं. याही वेळी स्टेरॉइड नाही. पंधरा मिनिटांनी बुटक्या स्टुलावर बसवलं. मावशींनी वाकून उजव्या पायात चप्पल घातली. काढली. पुन्हा घातली. “दुखत नाय,” एवढंच म्हणाल्या. मग उभ्या राहून हात वर केले आणि छताकडे पाहिलं, तेव्हा मागचं दुखणं जसंच्या तसं होतं.

नोव्हेंबरमध्ये पाठीच्या नसांची दुसरी चाचणी केली, या वेळी जास्त वेळ टिकणाऱ्या औषधाने. एकट्या चाचणीचा होकार बऱ्याचदा खोटा निघतो, म्हणून दुसरी हवीच. कागदावर आता दोन रकाने होते, ‘मागचं’ आणि ‘जांघेतलं’. मागचं सातावरून एकावर आलं आणि पाच तास एकावरच राहिलं. जांघेतलं सहाचं सहाच.

पहिल्या चाचणीतलं ‘निम्मं’ म्हणजे काय होतं ते या कागदावर कळलं. एक दुखणं जवळजवळ पूर्ण गेलं होतं, दुसरं तसूभरही हललं नव्हतं, आणि मी दोघांना मिळून एक आकडा विचारला होता. आरएफ तेव्हाच केलं असतं तर पाठ बहुधा बरी झालीच असती. पण पाय उचलला नसता, चप्पल सुनेनेच घातली असती, आणि कागदपत्रांत लागलं असतं: आरएफ निष्फळ. त्यापुढे कुणीतरी गादीच्या ऑपरेशनचा विषय काढला असता. अशा पिशव्या घेऊन आलेली माणसं मी पाहिली आहेत, म्हणून हे लिहिताना जीव तुटतो.

उपचार

खुब्यात स्टेरॉइड द्यायचं तर आधी साखर. तीन महिन्यांची सरासरी, एचबीए1सी, 9.1 होती. फिजिशियननी औषधं बदलली, सुनेने घरी ग्लुकोमीटर सांभाळलं, आणि रोजचे आकडे खाली आल्यावर नोव्हेंबरच्या शेवटी 40 मिलिग्रॅम ट्रायामसिनोलोन दिलं. तिसऱ्या दिवशी साखर 262 झाली, आठवड्यात परत जागेवर आली. एप्रिलमध्येही हे असंच सांभाळता आलं असतं. त्यांना साखर चढेल एवढं सांगितलंसुद्धा नव्हतं.

आरएफ डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात.  मुलगा आदल्या दिवशी येऊन बसला. “मॅडम, नस जाळणार म्हणतात. आईचा पाय तर नाही ना जाणार?”

हा प्रश्न प्रत्येक घरातून येतो आणि तो रास्त आहे. मी कागदावर काढून दाखवलं. पायाला जाणारी जाड नस पुढच्या बाजूने निघून जाते. आपण जिला गरम करतो ती मागच्या बाजूची बारीक फांदी आहे. ती सांध्याची खबर वर नेते आणि पाठीच्या एका खोल स्नायूला पुरवठा करते. शिवाय गरम करण्याआधी यंत्र खात्री करून घेतं. सुईतून सेकंदाला पन्नास ठोक्यांचा हलका करंट दिला की रुग्णाला ओळखीच्या जागी दाब किंवा मुंग्या जाणवायला हव्यात. मग सेकंदाला दोन ठोके: पाठीचा स्नायू फडफडला पाहिजे, पाय हलता कामा नये. पाय हलला तर सुई मागे घ्यायची.

म्हणूनच मावशींना पूर्ण भूल दिली नाही. त्यांनीच सांगायचं होतं. मांडीवर यंत्राची पट्टी चिकटवलेली, त्या पालथ्या, आणि सिस्टर डोक्याशी हात धरून. “थरथरतंय आतल्या आत,” त्या म्हणाल्या. पायात? “पायात नाय.” मग बधिर करण्याचं औषध, आणि 80 अंश सेल्सिअसवर नव्वद सेकंद. तीन जागी.

पहिले दोन आठवडे पाठ आणखी दुखली आणि वरची कातडी उन्हाने भाजल्यासारखी चुरचुरली. हे आधी सांगितलेलं असलं तर माणूस घाबरत नाही. तिसऱ्या आठवड्यापासून उतार पडला. ही नस पुन्हा वाढते, त्यामुळे आराम साधारण सहा महिने ते वर्षभर धरावा. त्या काळात स्नायू कमावले तर उपयोग, नुसतं पडून राहिलं तर नाही. फिजिओथेरपिस्टने कुल्ल्याच्या आणि पाठीच्या स्नायूंचे व्यायाम बसवून दिले. काठी डाव्या हातात घ्यायला लावली. दुखणाऱ्या खुब्याच्या उलट्या हातात काठी धरली की त्या सांध्यावरचा भार कमी होतो. मावशी महिनाभर उजव्याच हातात धरत होत्या. बागेत पायाखाली रुंद, न डगमगणारा लाकडी पाट आला, घड डोळ्यांच्या रेषेत यावा म्हणून. घरात खुर्ची आली, कमोड आला. कमोडवर सासऱ्यांची नाराजी होती, ती सुनेने परस्पर मिटवली.

पुढचं वर्ष

मार्च 2025 मध्ये मागचं दुखणं दोनावर होतं. खुब्यातल्या इंजेक्शनचा गुण मात्र साधारण अडीच महिन्यांत उतरला. झिजलेल्या सांध्यात तेवढाच टिकतो. झीज त्याने भरून येत नाही, आणि वारंवार दिलं तर उरलेली कूर्चा, म्हणजे सांध्यातलं गुळगुळीत अस्तर, लवकर जाऊ शकते.

नोव्हेंबर 2025 मध्ये मागचं दुखणं चारावर आलं, जांघेतलं सातावर. मुलाने आरएफ परत करायचं का विचारलं. मी त्याला त्याच वर्षी फेब्रुवारीत ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या मार्गदर्शक सूचनांबद्दल सांगितलं. कण्याच्या जुनाट दुखण्यावर ही इंजेक्शनं आणि आरएफ करू नयेत अशी त्यांची ठाम शिफारस आहे. उपचारांच्या सूचना ठरवणाऱ्या ब्रिटनच्याच नाइस संस्थेने 2016 मध्ये निवडक रुग्णांसाठी आरएफची वाट खुली ठेवली होती. माझ्या मते दोन वेगळ्या चाचण्यांत पक्की झालेली फॅसेटची वेदना हा लहान पण खरा गट आहे आणि मावशी त्यात आहेत. पण मोठ्या संख्येने पाहिलं तर फायदा दिसत नाही, हेही खरं, आणि पैसे व सुई ज्यांची जाणार त्यांना ते माझ्या तोंडून कळलं पाहिजे. मावशींनी थांबायचं ठरवलं. मलाही तेच योग्य वाटलं, कारण खुबा बदलल्यावर चालण्याची ढब सुधारते आणि काहींची पाठही त्यानंतर हलकी होते.

अस्थिरोगतज्ज्ञांनी खुबा बदलायला सांगितलं आहे. मावशींची अट एकच: माल निघाल्याशिवाय नाही. तोवर काढण्यासाठी खुब्यात एक इंजेक्शन द्या म्हणाल्या. स्टेरॉइडनंतर तीन महिन्यांच्या आत सांधा बदलला तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, म्हणून सर्जनशी बोलून हिशेब मांडला. इंजेक्शन 4 डिसेंबरला दिलं. तीन महिने मार्चच्या सुरुवातीला पुरे होतात, माल मार्चअखेर निघतो. ऑपरेशन एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात. एचबीए1सी सध्या 7.8 आहे, सर्जनना ती त्याहून खाली हवी आहे, पुढचा रिपोर्ट फेब्रुवारीत.